दप्तराचे कातडे

पाचवीतल्या भाचीच्या शाळेत लस टोचायला आरोग्यसेविका आल्या होत्या. दहा वर्षांच्या मुलांना देतात ती टीडी. घरी येताच तिने दप्तर कोपऱ्यात टाकले, दंड पुढे केला आणि विचारले, ‘‘मामा, यातला डी म्हणजे काय?’’ डिप्थीरिया, म्हणजे घटसर्प, असे सांगून विषय संपला असता. पण शब्द कुठून आला ते पाहावे म्हणून कोश उघडला, आणि त्या शब्दाचा माग मला थेट कोपऱ्यातल्या दप्तरापाशी घेऊन आला. रोग आणि दप्तर, दोघांची आजी एकच: ‘डिफ्थेरा’, ग्रीक भाषेत कमावलेले कातडे.

रोगाची बाजू सोपी आहे. फ्रान्समधल्या तूर शहरचे वैद्य पिएर ब्रेतोनो यांना रोग्याच्या घशात चामड्यासारखा पापुद्रा धरलेला दिसला. 1826 मध्ये त्यांनी त्यावरूनच रोगाला नाव दिले.

दप्तराची वाट लांबची. हेरोडोटस आपल्या इतिहासाच्या पाचव्या भागात सांगतो की आयोनियातले ग्रीक लोक पपायरसच्या लेखांनाही ‘डिफ्थेरा’च म्हणत, कारण पपायरस मिळेना तेव्हा ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत असत. वस्तू बदलली तरी नाव चिकटून राहिले. दप्तराच्या बाबतीत पुढेही पुन्हा पुन्हा हेच झाले आहे.

दप्तराचे हे ग्रीक मूळ न मानणारा एक पक्ष आहे, आणि तो तगडा आहे. त्याचे म्हणणे असे की दप्तराच्या मूळ फारसी रूपाला, ‘दफ्तर’ला, ग्रीसपर्यंत न्यायचे कारणच काय? प्राचीन इराणी भाषेत लेखाला ‘दिपि’ म्हणत. हा शब्द एलामी आणि अक्कदी भाषांतून मागे मागे सुमेरच्या ‘दुब’पर्यंत, मातीच्या पाटीपर्यंत पोचतो. कचेरीतले कितीतरी फारसी शब्द याच घरातले. लिहिणारा तो दबीर; आपल्याकडे तो डबीर झाला, शिवाजी महाराजांच्या दरबारात परराज्यांशी व्यवहार पाहू लागला आणि 1674 च्या राज्याभिषेकानंतर सुमंत म्हणवला गेला. दिवाण, दिवाणखाना, दिवाणी दावा हेही त्याच घरचे. इतकेच काय, अशोकाच्या शाहबाजगढीच्या शिलालेखात, इतरत्र ‘लिपि’ असते तिथे चक्क ‘दिपि’ कोरले आहे. आपली ‘लिपी’ ‘लिप्’ म्हणजे माखणे या धातूतून आली की या इराणी ‘दिपि’वरून, हा वादही तिथूनच उभा राहतो. एवढा गोतावळा असताना एकटे दफ्तर परके कसे, असा या पक्षाचा सवाल आहे.

सवाल रास्त आहे, पण मला तो पटत नाही. ‘दिपि’तला ‘प’ पुढे मऊ होत गेला. दबीरमध्ये त्याचा ‘ब’ झाला, दिवाणमध्ये ‘व’. मग दफ्तरमध्येच तो ‘फ’ कसा झाला, आणि त्याच्या अंगाला बिलगलेला ‘त’ आणि शेवटचा ‘र’ कुठून आले? डिफ्थेरामध्ये हे तिन्ही वर्ण आपापल्या जागी, त्याच क्रमाने हजर आहेत.

दुसरा पुरावा मला अधिक मोलाचा वाटतो. ज्यूंच्या तालमूद ग्रंथात कातड्यांच्या प्रतवारीची चर्चा आहे. मीठ लावलेले, पिठात मुरवलेले, पण मायफळाचा कस न दिलेले कातडे म्हणजे ‘दिफ्तेरा’, आणि त्याचा उपयोग घटस्फोटाचा लेख लिहायला. ही चर्चा आहे बाबिलोनियातली, सासानी इराणच्या राज्यातली. म्हणजे ग्रीक शब्द इराणच्या अंगणात आलेला होता, आणि तोही नुसते कातडे म्हणून नव्हे, कायदेशीर दस्ताचे कातडे म्हणून! इराणच्या दरबारी राहिलेला ग्रीक वैद्य क्टेसियस आपला इतिहास राजाच्या ‘डिफ्थेरां’वरून लिहिल्याचे सांगतो, तोही दाखला नेहमी पुढे केला जातो. पण क्टेसियस ग्रीक होता, तो ग्रीक शब्दच वापरणार. त्याच्या साक्षीवर मी माझा दावा उभा करत नाही. तालमूदची साक्ष पुरेशी आहे.

राज्यकारभाराच्या दृष्टीने खरी क्रांती झाली आठव्या शतकात. अब्बासी खलिफांचे हिशेब तोवर सुट्या पानांवर असत. वजीर खालिद बिन बर्मकने ते बांधीव दफ्तरांत आणवले, अशी नोंद अरबी इतिहासकार करतात. सुटे पान काढून घेता येते, बदलता येते. बांधलेल्या वहीतले पान नाहीसे झाले तर मागे खूण राहते. लोकप्रशासनाच्या पहिल्याच धड्यात माक्स वेबरचे नाव येते आणि लेखी नोंदीवाचून नोकरशाही उभी राहत नाही हे त्याचे प्रतिपादन येते. खालिदने ते हजारएक वर्षे आधी करून दाखवले होते. हा खालिद बल्खच्या नवविहार या बौद्ध मठाच्या अधिपतींच्या घराण्यातला, आणि ‘बर्मक’ म्हणजे संस्कृत ‘प्रमुख’ असे मानतात. ग्रीक कातड्याला अब्बासी कचेरीत बसवणाऱ्याच्या नावात संस्कृत शब्द आहे, हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे हारून अल् रशीदच्या काळात कागद आला आणि दफ्तराचे कातडे कायमचे गळून पडले.

तुर्कस्तान, इराण, दिल्ली, दख्खन ही वाट ठाऊक आहे. मराठीने ‘हफ्त्या’चा हप्ता केला तसे ‘दफ्तर’चे दप्तर केले. पुण्यात पेशव्यांच्या हुजूर दप्तरात ‘चालते’ आणि ‘एकबेरीज’ अशा दोन मोठ्या शाखा होत्या. त्यातलेच निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी 1930 नंतर 45 खंडांत छापले.

हिंदी-उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मग मराठी मुलाच्या पाठीवर ते कसे आले? उत्तर पुराभिलेखागारातल्या रुमालात आहे. रुमाल म्हणजे कापडाचा चौकोन. मधोमध मोडी कागदांची चळत, चारी टोके आळीपाळीने आत दुमडलेली, वरून दोरीची गाठ. गाठ सोडली की कापडावर घड्यांच्या रेघा पक्क्या बसलेल्या दिसतात. त्या रेघांवरूनच तो परत बांधायचा. कागदांचे नाव आधी या गाठोड्याला लागले. मग पाटी-पुस्तके तशीच फडक्यात बांधून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या गाठोड्यालाही तेच नाव मिळाले, असे माझे ठाम मत आहे. त्याला शेजारचा आधार आहे. हिंदीतला ‘बस्ता’ म्हणजे बांधलेले. तिथेही पटवाऱ्याच्या कागदांचे गाठोडे बस्ता आणि मुलाची पिशवीही बस्ताच. दोन भाषांनी दोन वेगळे शब्द घेऊन त्यांना एकाच वाटेने शाळेत नेले.

मराठीत या कापडाला बासन हा अस्सल शब्द आहे. काम ‘बासनात गुंडाळले’ असे आपण म्हणतो. कामे अशी पडून राहू नयेत म्हणून आलेल्या महाराष्ट्राच्या 2005 च्या ज्या कायद्याला लोक ‘दप्तर दिरंगाईचा कायदा’ म्हणतात, त्याने कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असे बंधन घातले. कायद्याचे छापील नाव लांबलचक आहे. लोकांनी त्याला दिले ते दप्तराचेच.

तुमच्या घरी माळ्यावर एखादे जुने बासन असेल तर कागद ठेवून कापड पोतेऱ्याला देऊ नका. घड्या आणि गाठ मोडण्याआधी त्याचा एक फोटो काढा, आणि कागदांबरोबर ते कापडही जवळच्या पुराभिलेखागारात दाखवा.