विरहाची लावणी आणि रोहिणखेडची लढाई : भावनेच्या ऐतिहासिक नोंदीचा विचार

प्रस्तावना

मराठी शाहिरी वाङ्मयात विरहाच्या लावणीला मोठे स्थान आहे. तिच्या लोकप्रियतेचे कारण बहुधा चालीच्या गोडव्यात किंवा शृंगारवर्णनात शोधले जाते. मात्र इतिहासाच्या अभ्यासकापुढे याहून वेगळा प्रश्न उभा राहतो. पतिविरहाचे दुःख तवारिखीत नोंदले जाते तेव्हा त्याचे काय होते, आणि तेच लावणीत गायिले जाते तेव्हा काय होते? बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात असलेल्या रोहिणखेडच्या इतिहासात या प्रश्नाचा एक धागा सापडतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

एका पत्नीची तक्रार आणि युद्ध

खानदेशचा फारुकी सुलतान नासिरखान याची कन्या झैनब हिचा विवाह इ. स. १४२९ मध्ये बहमनी राजपुत्र अलाउद्दीन अहमद याच्याशी झाला. इ. स. १४३६ मध्ये अलाउद्दीन गादीवर आला. त्याच सुमारास कोकणच्या मोहिमेतून संगमेश्वरच्या राजाची कन्या बिदरच्या अंतःपुरात आली आणि सुलतानाचे मन तिच्यावर जडले. झैनबने आपल्या उपेक्षेची तक्रार पित्याकडे केली, अशी हकीकत फिरिश्ता देतो. त्यानंतर नासिरखानाने गुजरातच्या अहमदशहाच्या संमतीने वऱ्हाडवर स्वारी केली. तेथील काही सरदार त्याला जाऊन मिळाले. बहमनी सुभेदाराला नरनाळ्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. अखेर इ. स. १४३७ मध्ये मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी याने रोहिणखेडजवळ नासिरखानाचा पराभव केला. बहमनी फौजेने त्याचा बुऱ्हाणपुरापर्यंत व पुढे लळिंगपर्यंत पाठलाग केला. त्याच वर्षी नासिरखान मरण पावला.

या हकीकतीकडे चिकित्सक दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. फिरिश्त्याने आपला ग्रंथ सतराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे घटनेनंतर सुमारे १७० वर्षांनी लिहिला. वऱ्हाड हा खानदेश व बहमनी राज्य यांमधील सुपीक प्रांत होता. त्यावरील हक्कासाठी युद्ध व्हायला स्त्रीच्या मत्सराची गरज नव्हती. तरीही तवारिखीने कारण म्हणून तिची तक्रार पुढे ठेवली. युद्धाचा ठपका अशा रीतीने अंतःपुरावर आला. तिचे दुःख मात्र नोंदीत उतरले नाही. ग्रंथकार तिच्या तक्रारीपाशी क्षणभर थांबतो आणि लगेच सैन्याच्या हालचालींकडे वळतो.

लावणीतील विरहिणी

उत्तर पेशवाईत हेच दुःख वेगळ्या रूपात समोर येते. सोलापूरचा राम जोशी (१७६२–१८१३), पुण्याचा होनाजी, संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९), सगनभाऊ इत्यादी शाहिरांच्या काळात लावणी बहरास आली. ज्या अनंत फंदीने खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा रचला, त्यानेच लावण्याही रचल्या. युद्धाची कीर्ती आणि युद्धामागे घरी राहिलेली स्त्री हे दोन्ही विषय शाहिरी परंपरेत असे शेजारी नांदले.

याला सामाजिक आधार होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली फौज सामान्यतः पावसाळ्यापूर्वी परतण्याची अपेक्षा असे. उत्तरेकडील मोहिमांत मात्र ही मुदत कित्येकदा वर्षांनी लांबली. त्यामुळे लावणीतील ऋतुवर्णन निव्वळ अलंकार राहत नाही. आभाळ भरून आले आणि घरधनी परतला नाही, ही वस्तुस्थिती असंख्य घरांची होती. विरहिणीला बहुधा नाव नसते, त्यामुळे तिचे दुःख कोणत्याही घराचे होऊ शकते. झैनबला नाव आहे, वंश आहे, परंतु तिला स्वतःचा आवाज मिळालेला नाही.

दुसरी बाब श्रोत्यांची आहे. लावणी छावणीतही रंगत असे आणि तेथे ऐकणारे बहुतांशी शिपाई असत. गाण्यातील स्त्री ज्याची वाट पाहते तोच पुरुष तिच्यासमोर बसलेला असे. तिची आर्जवे ऐकताना त्याला करमणुकीबरोबर आपल्या अनुपस्थितीचीही जाणीव होत असावी. लावणीच्या भावनिक आवाहनाचे मर्म या नात्यात शोधावे लागते.

अर्थात लावणीला स्त्रीमनाचा थेट पुरावा मानता येत नाही. रचणारे शाहीर पुरुष होते आणि स्त्रीची भूमिका पुष्कळदा नाच्या पोऱ्या करीत असे. तिच्यातील विरह पुरुषाच्या इच्छेने रंगविलेला आहे. स्त्रियांच्या स्वतःच्या शब्दांसाठी जात्यावरच्या ओवीकडे वळावे लागते. तेथे सासुरवास, माहेरची ओढ आणि नवऱ्याचे परकेपण श्रोत्याच्या पसंतीची वाट न पाहता बोलले जाते.

निष्कर्ष

तवारिखीने दुःखाला युद्धाचे कारण ठरविले, तर लावणीने ते ऐकण्याजोगे केले. दोन्ही साधने पुरुषांनी घडविलेली असल्याने त्यांची चिकित्सा सारख्याच काटेकोरपणे व्हावयास हवी. तथापि, लढाईची तारीख देणारे साधन विश्वसनीय आणि गाणे केवळ मनोरंजन, ही विभागणी अपुरी ठरते. मोहिमेचा काळ घरात कसा गेला याची खूण लावणी व ओवी यांतूनच मिळते. रोहिणखेडचा इतिहास शिकविताना विजेत्या सेनापतीच्या नावाबरोबर, जिच्यावर युद्धाचा ठपका आला त्या झैनबच्या मौनाचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.