नाव कोणाचे, आंबट कोणाचे?

फिलिपाईन्सचा 'अडोबो' आणि उत्तन-गोराईच्या ईस्ट इंडियन घरांतला 'इंद्याल' हे दोन्ही पदार्थ डुकराचे मांस लसूण घालून शिरक्यात मुरवतात व मंद आचेवर शिजवतात. एकाचे नाव स्पॅनिश, दुसऱ्याचे पोर्तुगीज. तेव्हा दोन्ही पदार्थ युरोपीय, असा निष्कर्ष सहज निघतो. आम्हांस तो अपुरा वाटतो. पदार्थाचे नाव तो कोणी रांधला यापेक्षा कोणी लिहून ठेवला, हेच अधिक सांगते.

फिलिपाईन्समध्ये नारळाच्या व निपा ताडाच्या शिरक्यात अन्न शिजवण्याची, टिकवण्याची रीत स्पॅनिशांच्या आधीची. १६१३ साली पेद्रो दे सान बुएनाव्हेन्तुरा या धर्मगुरूच्या तागालोग कोशात तिची ओळख 'येथील लोकांचा अडोबो' अशी झाली. रीत तिथली, नाव मात्र कोशकाराच्या घरचे.

आपल्या किनाऱ्यावर उलट घडले. 'व्हिन्या द आल्योस' म्हणजे द्राक्षमद्य आणि लसूण, हा पोर्तुगीज पाक. त्यातूनच गोव्यात 'विंदालू' आणि आपल्याकडे 'इंद्याल' झाले. वसई व साष्टी १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. या दोनशे वर्षांत नाव टिकले, पण द्राक्षमद्याच्या जागी माडाच्या सुरेचा शिरका आला. दालचिनी, लवंग, जिरे आले आणि अमेरिकेहून पोर्तुगीजांनी आणलेली मिरचीही. नाव परके उरले, आंबट इथले झाले.

कृतीतही हाच इतिहास आहे. सुक्या मिरच्या, लसूण, जिरे पाण्यात न वाटता शिरक्यात वाटायचे. चरबीसह मांसाचे तुकडे त्यात रात्रभर मुरवायचे. मग मातीच्या भांड्यात सावकाश शिजवायचे. आम्लामुळे मांस लवकर नासत नाही, आणि दुसऱ्या दिवशी चव अधिक मुरते. शीतकपाट नसलेल्या काळातील हे शहाणपण दोन्ही किनाऱ्यांनी आपापल्या माडाकडून घेतले.

पुढे 'विंदालू'त 'आलू' ऐकून त्यात बटाटे घालणारेही निघाले. गंमत अशी, की मराठीला 'आलू' परका आणि 'बटाटा' हाच शब्द पोर्तुगीजांकडून आलेला! भाषेच्या इतिहासात आपण बटाटा, पाव, साबण, चावी यांची यादी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. पण हे शब्द ज्या स्वयंपाकघरांतून आले, तिथे डोकावत नाही.

मीरा रोडचे सिल्व्हर पार्क आणि भाईंदरपलीकडचे उत्तन एकाच महानगरपालिकेत आहेत. २००२ मध्ये ती स्थापन झाली. तरी सिल्व्हर पार्कच्या इमारतींतून अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तन म्हणजे समुद्रकिनारा, एवढेच ठाऊक असते. तिथली बोली मराठीचीच आहे. 'ईस्ट इंडियन' हे समाजाचे नाव १८८७ मध्ये संघटना स्थापन होताना रूढ झाले, तेही इंग्रजीत. लग्नघरी इंद्याल रांधणाऱ्या वृद्ध स्त्रियांचे शब्द मात्र फारसे कोणी टिपलेले नाहीत.

ते टिपणे हे आपल्या अभ्यासाचे काम आहे. फक्त टिपताना आपणही १६१३ चे कोशकार होऊ नये. 'याला विंदालू म्हणतात ना?' असे न विचारता, 'तुम्ही याला काय म्हणता?' असे विचारावे.