एसएमपीएस घेताना वॅटच्या आकड्याला भुलू नका

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात कॉम्प्युटर म्हणजे बहुतेक करून झेरॉक्स-डीटीपीचं दुकान नाहीतर ऑनलाइन फॉर्मचं केंद्र. शेवटच्या तारखेला मशीन बसलं की धंदाही बुडतो अन् गिऱ्हाईकाचा फॉर्मही. दोष पुष्कळदा एसएमपीएसचा निघतो. 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करून देणारा हा डबा हलका असेल, तर जळताना मदरबोर्ड, हार्डडिस्कही सोबत नेऊ शकतो.

डब्यावर 450 छापलंय, एवढ्यावर घेऊ नये. लेबलवर 12 व्होल्टखाली किती अँपिअर आहेत ते बघून 12 ने गुणावं, कारण आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः तिथूनच वीज घेतात. 14 अँपिअर असतील तर झाले 168 वॅट. बाकीचा आकडा कागदावरच. चांगल्या 450 वॅटच्या डब्यावर 36-37 अँपिअर दिसतात.

टायपिंग, बिलिंगच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड नसेल तर शे-सव्वाशे वॅटच्या वर क्वचितच लागतात. तिथं चांगला 400-450 पुरतो. आरटीएक्स 3060 हे 170 वॅटचं कार्ड बसवायचं तर 550 घ्यावा. साध्या मशीनला कुणी 750 गळ्यात मारत असेल तर ते पैसे यूपीएसला ठेवलेले बरे.

'80 प्लस'चा शिक्का म्हणजे वीज कमी वाया जाते, डबा कमी तापतो. मे महिन्यात कलबुर्गीचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून वॅट किती अंश तापमानाला मोजलेत हेही विचारावं. काही कंपन्या 25 अंशांचा आकडा देतात, चांगल्या 40 ते 50 चा.

शिवारात पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. तिथं 100 ते 240 व्होल्ट चालणारा, अॅक्टिव्ह पीएफसीवाला डबा तग धरतो. जुन्या डब्यामागचं लाल बटन 115 वर गेलं तर आपल्या विजेवर तो लगेच उडतो. पोरांचा हात तिथं जाऊ देऊ नये. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तो दोष बहुधा अर्थिंगचा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालावं लागतं.

माल हैदराबादचा, सोलापूरचा की लातूरचा, याला महत्त्व नाही. पक्कं बिल घ्यावं, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि वॉरंटीत डबा कुठं जमा करायचा ते पैसे देण्याआधीच विचारावं.