नाण्याचें कूळ आणि नाण्याची माती

जुनें नाणें हातीं आलें कीं आपण पहिला प्रश्न करतों तो 'हें कोणाचें?' असा, आणि दुसरा 'याचें मोल काय?' असा. 'हें सांपडलें कोठें?' हा तिसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाहीं. वास्तविक इतिहासाच्या दृष्टीनें तोच पहिला होय. तो वेळींच न विचारल्याची चूक प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली असल्यामुळें या विषयावर चार शब्द लिहिण्याचा त्याला अधिकार नसला तरी कारण आहे.

गेल्या दिवाळींत परदेशीं राहणारा माझा एक जुना विद्यार्थी कोरपन्यास भेटीला आला होता. त्याला नाण्यांचा नाद आहे. आपल्या संग्रहांतील एका नाण्याचें छायाचित्र त्यानें मोठ्या कौतुकानें मला दाखविलें. नाणें तांब्याचें, जाड, ओबडधोबड, सिसिली बेटांतील. बायझंटाईन सम्राट् हेराक्लियस (इ. स. ६१०-६४१) याच्या कारकीर्दींत पूर्वेकडील टांकसाळींतून निघालेलीं जुनीं नाणीं सिसिलीस नेण्यांत आलीं. तेथें तीं आटवून नवीं पाडण्याऐवजीं त्यांच्यावरच लहान ठसे मारण्यांत आले. एका बाजूस सम्राटाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस सिसिलीच्या नांवाचीं जोडाक्षरें. पुढें याच सम्राटाचा नातू दुसरा कॉन्स्टन्स हा इ. स. ६६३ मध्यें सिसिलींतील सिराक्यूस नगरांत येऊन राहिला आणि ६६८ मध्यें तेथेंच स्नानगृहांत मारला गेला. ८७८ मध्यें तें नगर अरबांनीं जिंकलें. एवढा इतिहास ज्या बेटानें पाहिला, तेथील तांब्याच्या तुकड्याविषयीं कोणासहि कुतूहल वाटावें यांत नवल नाहीं.

परंतु माझ्या विद्यार्थ्याला नाण्याहूनहि अधिक अभिमान होता तो त्यासोबतच्या कागदाचा. हें नाणें पूर्वीं कोणाच्या संग्रहांत होतें, कोणत्या सालच्या लिलांवांत विकलें गेलें, याची सारी वंशावळ त्या कागदावर होती. ही वंशावळ जितकी जुनी तितकें नाण्याचें मोल अधिक, असें त्यानें मला समजावून सांगितलें. त्याचें म्हणणें खोटें नाहीं. बनावट नाणीं करणारे कसबी कारागीर सर्व देशांत आहेत. शंभर वर्षांपूर्वींच्या यादींत ज्याची नोंद आहे तें नाणें निदान काल-परवां घडविलेलें नव्हे. शिवाय इटलीच्या कायद्यानें १९०९ पासून जमिनींतून निघणारी पुराणवस्तु राष्ट्राच्या मालकीची ठरली आहे, आणि १९७० च्या युनेस्कोच्या करारानंतर चोरट्या वाटेनें देशाबाहेर गेलेल्या वस्तूंकडे सर्वत्र संशयानें पाहिलें जातें. तेव्हां सभ्य संग्राहकानें कागद मागावा हें योग्यच.

मीं त्याला एवढेंच विचारलें, "पण हें सिसिलींतल्या कोणत्या शेतांत निघालें?" तो गप्प बसला. कागदावर नाण्याचें कूळ होतें. नाण्याची माती नव्हती.

या दोहोंतील भेद ध्यानीं यावा म्हणून आपल्याच घरचें उदाहरण घेऊं. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत, दारणा-गोदावरीच्या संगमाजवळील जोगलटेंभी या गांवीं, चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा सांपडला. सारीं नाणीं क्षहरात राजा नहपान याचीं होतीं. पण त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपले ठसे मारून घेतलेले होते. हेराक्लियसच्या अधिकाऱ्यांनीं सिसिलींत जें केलें, तेंच आमच्या सातवाहन राजानें पांच शतकें आधीं गोदातीरीं केलें होतें! रेव्हरंड स्कॉट यांनीं हा सर्व सांठा तपासून त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा कीं, नहपान व गौतमीपुत्र यांच्या दरम्यान या प्रांतांत तिसऱ्या कोणाची सत्ता दिसत नाहीं. एकाच्या हातून राज्य गेलें तें थेट दुसऱ्याकडे. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीच्या शिलालेखानें पुत्राच्या ज्या विजयाचा गौरव केला आहे, त्याला मातीनें दिलेली ही साक्ष होय. हींच नाणीं सुटींसुटीं बाजारांत आलीं असतीं तर? प्रत्येक नाणें तितकेंच सुंदर राहिलें असतें. साक्ष मात्र नाहींशी झाली असती.

वऱ्हाडांतलें उदाहरण याहून बोलकें आहे. १९३९ सालीं मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळा येथें मिश्र धातूच्या सुमारें सोळाशें सातवाहन नाण्यांचा सांठा निघाला. नागपूरचे प्राध्यापक वासुदेव विष्णु मिराशी यांनीं त्याचें वाचन केलें, तेव्हां कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णि अशीं, पुराणांच्या याद्यांत न आढळणारीं राजनामें उजेडांत आलीं. कर्णाचें एखादें सुटें नाणें कोणा व्यापाऱ्याच्या पेटींत मिळालें असतें, तर विद्वानांनीं 'वाचण्यांत चूक' म्हणून तें बाजूला सारलें असतें. सोबतच्या शेंकडों नाण्यांनीं त्याला जामीन राहून इतिहासांत स्थान मिळवून दिलें. आमच्या चांदा जिल्ह्यांतहि १८८८ मध्यें सातवाहन नाण्यांचा असाच सांठा सांपडला होता, डॉ. हॉर्नले यांनीं १८९३ मध्यें त्याचें वर्णन केलें म्हणून तो आज आपल्याला ठाऊक आहे.

आतां माझी कथा. पुष्कळ वर्षांपूर्वीं, मी या भागांत नवाच असतांना, आठवडी बाजारांत मोड घेणाऱ्या एका कासाराजवळ मला पांच नाणीं दिसलीं. एका अंगास सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या अंगास चार वर्तुळें जोडलेलें उज्जयिनी-चिन्ह. सातवाहन नाणीं हीं, हें ओळखण्यास मला क्षणहि लागला नाहीं. मोडीच्या भावानें तीं घेऊन मी घरीं आलों आणि त्या रात्रीं मला आनंदानें झोंप आली नाहीं. कोठून आलीं हें विचारण्याचें भान मला तीन वर्षांनीं आलें. कासार म्हणाला, "कोणी शेतकऱ्यानं मडकंभर आणलीं होतीं, गुरुजी. बाकीचीं तेव्हांच आटलीं." गांव कोणतें तें त्याला आठवेना. तीं पांच नाणीं आजहि माझ्या टेबलाच्या खणांत आहेत. त्यांचें कूळ मी सांगूं शकतों: कासार, मग मी. त्यांची माती मीं गमावली. आणि त्या मडक्यांत एखादा अज्ञात राजा होता कीं काय, हें आतां कोणालाच कळणार नाहीं.

दोष केवळ अडाणीपणाचा नाहीं. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा अद्याप आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सांपडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी, असें तो सांगतो. सरकारनें निधि ठेवून घेतला तर धातूच्या किमतीवर पंचमांश अधिक मोबदला मिळतो. तांब्याच्या मडक्यावर पंचमांश तो किती! त्यासाठीं कचेरीच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षां शेतकऱ्याला कासाराची मूस जवळची वाटली तर त्याला नांवें ठेवण्यापूर्वीं आपण सुशिक्षितांनीं आपला खण उघडून पाहावा.

आज माणिकगडच्या परिसरांत सिमेंटासाठीं चुनखडीच्या खाणी खोल जात आहेत आणि पूर्वीं नांगराच्या फाळाला लागे तें आतां यंत्राच्या दातांखालीं जातें. अशा वेळीं संग्रहालयें उभारणें सर्वांच्या हातीं नाहीं. पण एक गोष्ट आहे. नाणें दिसतांच तें विकत घेण्याआधीं गांव, शेत, साल आणि सोबत काय निघालें हें विचारून लिहून ठेवावें व कलेक्टरास कळवावें. ती चिठ्ठी हेंच त्या नाण्याचें खरें मोल. माझ्या पांच नाण्यांसाठींहि मीं एक चिठ्ठी लिहून ठेवली आहे. तिच्यावर गांवापुढची जागा कोरी आहे.