जर्मन सिग्नल पिस्तुलांवरील खुणा कशा ओळखाव्यात?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य प्रकाशगोळे सोडण्यासाठी सिग्नल पिस्तूल वापरत असे. १९४० च्या सुमारास, शत्रूला कारखाना कळू नये म्हणून, निर्मात्याच्या नावाऐवजी रोमन संकेताक्षरे आली. 'एसी' म्हणजे त्सेला-मेहलिसची वाल्थर, 'एवायएफ' म्हणजे एरफुर्टची एर्मा. शेजारचे '४२' किंवा '४३' हे उत्पादनाचे साल. गरुडाखालचा आकडा मात्र निर्मात्याचा नव्हे. तो लष्करी तपासणीचा शिक्का. वाल्थरवर ३५९, एर्मावर २८० आढळतो. म्हणून आम्ही दोन्ही खुणा ताडून पाहतो. त्या जुळल्या नाहीत, तर भाग बदललेला किंवा शिक्का मागाहून मारलेला असू शकतो. गंज काढताना खूण घासू नये. ती गेली, की पिस्तुलाची ओळखही गेली.