श्वान-शस्त्रक्रिया, फिरती
भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया बाहेरगावाहून येणाऱ्या पशुवैद्यकाकडून स्थानिक पशुचिकित्सालयात करून घेण्याची पद्धती. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. शेतीप्रधान प्रदेशात पशुवैद्यकसेवेचा भर गुरे व शेळ्या यांवर असतो. उस्मानाबादी शेळी ही तर येथील प्रसिद्ध जात होय. पशुवैद्यक महाविद्यालय मुंबईत १८८६ मध्ये निघाले. मराठवाड्यात परभणीस १९७२ मध्ये व उदगीरला १९८७ मध्ये.

भटक्या कुत्र्यांना ठार मारण्याऐवजी त्यांचे निर्बीजीकरण करून, अलर्क रोगाची लस टोचून त्यांना मूळ जागी सोडावे, असे २००१ च्या केंद्रीय नियमांनी ठरविले. २०२३ च्या नियमांनी हेच धोरण कायम ठेवले. मादीचे उदर उघडून अंडाशय व गर्भाशय काढतात; त्यामुळे जखम भरेपर्यंत तिला पिंजऱ्यात ठेवणे आवश्यक असते. शल्यचिकित्सक गावोगाव फिरू शकतो, शुश्रूषा मात्र जागेवरच व्हावी लागते. म्हणून या पद्धतीचे यश शस्त्रक्रियांच्या संख्येपेक्षा पिंजरे, निर्जंतुक साधने आणि मागे राहणारा प्रशिक्षित सेवक यांवर अवलंबून असते.