स्वस्तात इंजिनाची ताकद वाढवायची, तर सिलिंडर हेड कोणतं घ्यावं? शेव्हरोलेच्या ३५० इंजिनाचं उदाहरण

सिग्नलला उभी असलेली जुनी अमेरिकन गाडी, धडधडणारं इंजिन आणि हिरवा दिवा लागताच मागच्या चाकांतून निघणारा धूर. असे रील्स सगळ्यांनीच पाहिलेले असतात. त्या गाड्यांच्या बॉनेटखाली अनेकदा एकच इंजिन असतं, शेव्हरोलेचं 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८. १९५५ मध्ये ते २६५ क्युबिक इंचांचं होतं. १९६७ च्या कॅमारोमध्ये त्याचा ३५० क्युबिक इंचांचा, म्हणजे ५.७ लिटरचा अवतार आला. १२०० सीसीच्या आपल्याकडच्या छोट्या गाडीशी तुलना केली तर जवळजवळ पाचपट मोठं इंजिन! २०११ मध्ये जनरल मोटर्सने १० कोटीवं स्मॉल ब्लॉक तयार झाल्याचं जाहीर केलं.

इतकी इंजिनं बाजारात असल्यामुळे त्यांचे सुटे भागही भरपूर आणि स्वस्त मिळतात. म्हणूनच अमेरिकेत कमी पैशांत गाडी 'पळवण्याचा' छंद बहुतेक जण याच इंजिनापासून सुरू करतात. आणि यातले बरेच जण पहिल्याच खरेदीत फसतात. सगळ्यात मोठं, सगळ्यात जास्त हवा ओढणारं सिलिंडर हेड आणायचं, बसवायचं आणि मग लक्षात येतं की गाडी पूर्वीपेक्षा मंद झाली आहे. असं का होतं?

हेड नेमकं करतं काय?

इंजिनाच्या ब्लॉकमध्ये पिस्टन वर-खाली होतात. ब्लॉकच्या वर झाकणासारखं बसतं ते हेड. व्ही-८ इंजिनात चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा असतात, म्हणून हेडही दोन लागतात. हवा-पेट्रोलचं मिश्रण आत येण्याचा रस्ता, धूर बाहेर जाण्याचा रस्ता, व्हॉल्व्ह, स्पार्क प्लग आणि जिथे स्फोट होतो तो चेंबर, हे सगळं हेडमध्येच असतं. थोडक्यात, इंजिन किती आणि कसा श्वास घेणार, हे बऱ्याच अंशी हेड ठरवतं.

हेड निवडताना पाहायच्या मुख्य गोष्टी तीन: पोर्टचा आकार, चेंबरचा आकार आणि ते हेड आपल्या इंजिनावर बसवायला लागणारा एकूण खर्च.

पोर्ट मोठा म्हणजे ताकद जास्त?

नाही. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाण्याची धार लांब जाते, कारण वाट अरुंद झाली की वेग वाढतो. हवेचंही तसंच आहे. इनटेक पोर्ट मोजका असेल तर कमी आरपीएमलाही हवा वेगाने आत येते, पेट्रोल नीट मिसळतं आणि सिलिंडर चांगला भरतो. पोर्ट गरजेपेक्षा मोठा असेल तर कमी आरपीएमला हवा रेंगाळते आणि पिकअप जातो.

रस्त्यावरची गाडी बहुतांश वेळ १५०० ते ४००० आरपीएममध्ये चालते. ५५०० च्या वर ती क्वचितच जाते. रेसचं इंजिन मात्र ६००० ते ७५०० मध्येच राहतं. त्यामुळे रेससाठी २१५ किंवा २३० सीसीचे पोर्ट ठीक असले तरी रस्त्यावरच्या ३५० इंजिनाला साधारण १७० ते १९५ सीसीचे पोर्ट पुरतात. गाडी जड असेल, ऑटोमॅटिक गिअर असेल, तर १७० ते १८० च्या जवळ राहणं शहाणपणाचं.

जाहिरातींमध्ये हवेच्या प्रवाहाचा आकडा 'सीएफएम'मध्ये मोठ्या अक्षरांत दिलेला असतो. तो पाहताना एक गोष्ट तपासावी: व्हॉल्व्ह किती उघडल्यावरचा आकडा आहे? कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह ०.४५० इंचच उघडत असेल, तर ०.७०० इंचाला हेड किती हवा ओढतं याचा काहीही उपयोग नाही. रस्त्यावरच्या इंजिनासाठी ०.२०० ते ०.५०० इंच या टप्प्यातले आकडे महत्त्वाचे.

चेंबर छोटा, दाब मोठा

१९७० च्या दशकात प्रदूषणाचे नियम आले आणि कंपन्यांनी इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी केलं. त्या काळातल्या अनेक ३५० इंजिनांच्या हेडमध्ये ७६ सीसीचे चेंबर आहेत. ते बदलून ६४ सीसीचं हेड लावलं तर काय होतं, हे साध्या गणिताने कळतं.

३५० इंजिनाचा बोअर ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८ इंच. म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान साधारण ७१७ सीसी. सपाट पिस्टनवरच्या खाचा ५ सीसी, गॅस्केटची जाडी ९ सीसी आणि पिस्टन ब्लॉकच्या कडेपर्यंत पोहोचत नाही ती जागा ५ सीसी धरू.

- ७६ सीसी चेंबर: वरची एकूण जागा ९५ सीसी, कॉम्प्रेशन साधारण ८.५ ला १
- ६४ सीसी चेंबर: वरची एकूण जागा ८३ सीसी, कॉम्प्रेशन साधारण ९.६ ला १

फक्त हेड बदलून कॉम्प्रेशन एका अंकापेक्षा जास्त वाढलं. कॉम्प्रेशन एका अंकाने वाढलं की ताकद साधारण ३ ते ४ टक्के वाढते, असा ढोबळ हिशोब इंजिन बांधणारे धरतात. शिवाय ही वाढ सगळ्या आरपीएमला जाणवते.

मात्र पिस्टनच्या डोक्यावर खळगा असेल, तर हेच कॉम्प्रेशन ९ च्या आसपासच राहतं. म्हणून हेड घेण्याआधी पिस्टन कोणते आहेत हे माहीत हवं. उलट कॉम्प्रेशन फार वाढलं तर पेट्रोल वेळेआधी पेटतं, इंजिन नॉकिंग करतं आणि पिस्टनची वाट लागते. पंपावरच्या प्रीमियम पेट्रोलवर बिडाच्या हेडला ९.५ च्या आणि अ‍ॅल्युमिनियमला १० च्या आसपास राहावं, असा सर्वसाधारण संकेत आहे. (अमेरिकेतल्या पंपावरचा ८७, ९१, ९३ हा ऑक्टेन आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या 'आरओएन' आकड्यापेक्षा तो चार-पाच अंकांनी कमी दिसतो. पेट्रोल तेच असतं.)

बजेटमधले पर्याय

१. आहे तेच हेड दुरुस्त करणं. सगळ्यात स्वस्त वाटणारा मार्ग. व्हॉल्व्ह सीट कापून, गाइड बदलून, पोर्ट थोडे घासून घेतले की फरक पडतो. पण मूळ हेडच ७६ सीसीचं असेल तर कॉम्प्रेशन कमीच राहतं. १९८७ ते १९९५ मधल्या ट्रकांवरची, शेवटचे आकडे १९३ असलेली 'स्वर्ल पोर्ट' हेड कमी आरपीएमला छान चालतात, पण वर श्वास कोंडतो. ६२४ क्रमांकाची हेड तडे जाण्यासाठी बदनाम आहेत. अशा हेडवर पैसे घालणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

२. साठच्या दशकातली 'कॅमल हम्प' हेड. टोकाला उंटाच्या वशिंडासारखे दोन उंचवटे असतात, म्हणून हे नाव. ६४ सीसीच्या आसपासचे चेंबर आणि १.९४ किंवा २.०२ इंचांचे इनटेक व्हॉल्व्ह, त्यामुळे एकेकाळी ही पहिली पसंती होती. आज अडचणी तीन. नावामुळे किंमत चढलेली असते. १९६९ च्या आधीच्या बहुतेक हेडच्या टोकाला अल्टरनेटर वगैरे बसवायची भोकं नसतात. आणि ती शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली आहेत. शिसं व्हॉल्व्हच्या सीटचं रक्षण करायचं. अमेरिकेत १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं, त्यामुळे गाडी भरपूर चालवायची असेल तर कडक धातूच्या सीट बसवाव्या लागतात. जुन्या गाडीचं मूळ रूप जपायचं असेल तर ठीक, नाहीतर हा भावनेचा सौदा.

३. व्होर्टेक हेड. १९९६ पासून शेव्हरोलेच्या पिकअप, व्हॅन, टाहो, सबर्बन अशा गाड्यांच्या ५.७ लिटर इंजिनावर ही बिडाची हेड आली. क्रमांकाचे शेवटचे आकडे ९०६ किंवा ०६२. चेंबर ६४ सीसी, पोर्ट साधारण १७० सीसी, व्हॉल्व्ह १.९४ आणि १.५० इंच. कंपनीने काढलेल्या जुन्या पद्धतीच्या बिडाच्या हेडमध्ये रस्त्यासाठी ही सर्वोत्तम मानली जातात, आणि भंगारातल्या ट्रकवरूनही मिळतात.

पण त्यांच्या अटी आहेत. जुन्या हेडवर इनटेक मॅनिफोल्ड १२ बोल्टने बसतो, व्होर्टेकवर ८ बोल्टने. म्हणजे मॅनिफोल्ड नवा. झाकणाचे बोल्ट कडेला नसून मध्ये असतात, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरही नवं. रॉकरही वेगळ्या प्रकारचे, स्वतःच व्हॉल्व्हवर सरळ राहणारे. आणि मूळ स्थितीत व्हॉल्व्ह साधारण ०.४६ ते ०.४७ इंचांपर्यंतच उघडता येतो. त्यापेक्षा मोठा कॅम लावला तर स्प्रिंगची वरची टोपी गाइडवर आपटते. मोठ्या कॅमसाठी गाइड खाली कापून नव्या स्प्रिंग लावाव्या लागतात.

४. नवं अ‍ॅल्युमिनियम हेड. एडलब्रॉक, एएफआर, ट्रिक फ्लो, डार्ट अशा कंपन्यांची तयार हेड मिळतात. वजन बिडापेक्षा जवळजवळ निम्मं, त्यामुळे गाडीच्या पुढच्या भागावरचं सुमारे २० किलो ओझं कमी होतं. उष्णता लवकर बाहेर जाते. सगळं नवं असल्याने सीट, गाइड, स्प्रिंग यांची चिंता कमी. आणि जुन्या पद्धतीचा मॅनिफोल्ड बसेल असं हेड निवडता येतं. किंमत अर्थातच जास्त. अगदी स्वस्त, नाव नसलेली हेडही विकली जातात. ती घेतली तर बसवण्याआधी उघडून व्हॉल्व्ह, गाइड आणि स्प्रिंग मशीन शॉपमध्ये तपासून घेण्याचा खर्च आधीच धरावा.

खरं बिल कसं काढायचं?

हेडच्या किमतीवरून स्वस्त-महाग ठरवणं हीच मुख्य चूक. कागदावर दोन रकाने करावेत. जुन्या हेडच्या रकान्यात: खरेदी, धुलाई, तडे तपासणी, गाइड, सीट कटिंग, फेसिंग, नवे व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग. व्होर्टेक असेल तर त्यात मॅनिफोल्ड, कव्हर आणि रॉकर वाढवावेत. नव्या हेडच्या रकान्यात: तयार हेडची किंमत, बोल्ट आणि वॉशर, गरज पडल्यास वेगळ्या लांबीचे पुशरॉड. गॅस्केट दोन्हीकडे.

ही बेरीज केली की बऱ्याचदा 'स्वस्त' जुनं हेड आणि 'महाग' नवं हेड यांतलं अंतर फारच कमी उरतं. व्होर्टेक तेव्हाच खरोखर स्वस्त पडतात, जेव्हा हेड चांगल्या स्थितीत मिळतात, मॅनिफोल्ड तसाही बदलायचा असतो आणि कॅम मर्यादेत राहणार असतो.

सेकंड हँड घेताना काय पाहावं?

- क्रमांक व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर हेडवरच दिसतो. विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता तो स्वतः वाचावा.
- दोन्ही हेडचे क्रमांक जुळतात का ते पाहावं.
- दोन व्हॉल्व्हच्या सीटमधल्या जागेत तडे आहेत का, हे मशीन शॉपमधून चुंबकीय तपासणी करून घ्यावं. गरम झालेल्या इंजिनावरच्या व्होर्टेकमध्ये हा दोष आढळतो.
- तपासणीत नापास झालं तर परत घेण्याची बोली आधीच करावी.

बसवताना पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात पुरेसं अंतर आहे ना, हे मोजणं अटळ आहे. इनटेकला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी अंतर धरतात. हे मोजायला मातीसारखा मऊ गोळा पिस्टनवर ठेवून इंजिन हाताने फिरवतात. अर्ध्या तासाचं काम आहे. ते टाळलं तर वाकलेले व्हॉल्व्ह आणि फुटलेला पिस्टन हातात येऊ शकतो.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा निकामी करणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धूर तपासणीतून सूट आहे. १९७६ नंतरच्या गाड्यांवर राज्याची मान्यता असलेलंच बाहेरचं हेड चालतं. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे फेरफार करण्यावर बंधनं आहेत. त्यामुळे रील्स पाहून इथल्या गाडीवर प्रयोग करण्याआधी आरटीओचे नियम पाहणं आवश्यक.

मग कोणतं हेड योग्य?

रोज चालवायची, मूळ किंवा मध्यम कॅम असलेली गाडी असेल तर चांगल्या स्थितीतली व्होर्टेक. मॅनिफोल्ड बदलायचा नसेल किंवा पुढे मोठा कॅम लावायचा असेल तर १७० ते १८० सीसीचं नवं अ‍ॅल्युमिनियम हेड. आणि पैसे अगदीच कमी असतील तर थांबणं, हाही एक पर्याय आहे. ट्यूनिंग, चांगले एक्झॉस्ट हेडर आणि योग्य जेट लावलेला कार्ब्युरेटर यांनी सध्याच्या हेडमधूनही बरंच काही मिळतं. चुकीचं हेड आणून इंजिन दोनदा खोलण्यापेक्षा योग्य हेडसाठी सहा महिने पैसे साठवणं केव्हाही स्वस्त पडतं.